पाळणा लांबवायचा आहे: कोणतं साधन निवडावं?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. वय २९, बाळ सात महिन्यांचं, अजून अंगावर पितं, वरचं खाणंही सुरू झालंय. पाळी परत आलेली नाही. दुसरं मूल तीनेक वर्षांनी हवं. गोळ्यांनी पुढे दिवस राहत नाहीत, तांबी वर सरकते, इंजेक्शनने पाळी कायमची जाते, असं बरंच कानावर आलं, म्हणून कशालाच हात न लावता तुम्ही दोघं सध्या नुसते ‘सांभाळून’, म्हणजे वीर्य आत जाण्याआधी बाजूला होऊन, राहता. तर नेमकं काय वापरावं?

बाकीचं वाचायच्या आधी एक गोष्ट करा. लघवीची गर्भतपासणी करून घ्या. पाळी आली नाही तोवर दिवस राहत नाहीत, या समजुतीवर विसंबून राहिलेल्या आणि तपासणीच्या वेळी चार महिन्यांच्या गरोदर निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बाळंतपणानंतर पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीही बाहेर पडू शकतं, म्हणजे पाळीचं तोंडही न पाहता दिवस राहू शकतात. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळतं हे खरं आहे, पण त्याला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, दिवसा-रात्री फक्त अंगावरचंच दूध हवं, आणि पाळी आलेली नसावी. तिन्ही पाळल्या तर १०० पैकी ९८ जणींना त्या सहा महिन्यांत दिवस राहत नाहीत. एक अट जरी सुटली तरी भरवसा संपतो, आणि तुमच्या दोन सुटल्या आहेत. तपासणीत काही निघालं नाही, पण गेल्या तीन आठवड्यांत संबंध आला असेल, तर तीन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. फार लवकर केलेली तपासणी फसवते.

आता आकडे सांगते, कारण निवडीचा अर्धा भाग तिथेच सुटतो. काहीही न वापरता वर्षभर संबंध ठेवणाऱ्या १०० जणींपैकी सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघा. गोळी रोज न चुकता घेतली तर वर्षभरात शंभरात एखादीलाही क्वचितच दिवस राहतात. पण प्रत्यक्षात माणसं घेतात तशी, मधे विसरत, पाकीट संपल्यावर दोन दिवसांनी नवं आणत घेतली, तर सुमारे सात जणींना राहतात. निरोध दरवेळी आणि सुरुवातीपासून वापरला तर दोघींना, प्रत्यक्ष वापरात सुमारे तेरा जणींना. तुमचं ‘सांभाळून’ राहणं प्रत्यक्षात वीसेक जणींना दगा देतं. तांबीचे दोन्ही आकडे मात्र जवळजवळ सारखे आहेत, शंभरात एकीहून कमी. हातात बसवायच्या कांडीचंही तेच, आणखी कमी. कारण सरळ आहे: एकदा बसवल्यावर या साधनांना तुमच्या आठवणीची गरज उरत नाही. सात महिन्यांचं बाळ रात्री तीनदा उठवत असताना रोज ठरल्या वेळी गोळी आठवणं सोपं नाही. त्यात तुमचा काही दोष नाही, पण साधन निवडताना हे धरून चालायला हवं.

दुसरी गोष्ट पाळीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. साधन निकामी निघालं म्हणून सोडून दिलंय असं मला फार कमी दिसतं. बायका ते सोडतात पाळी बदलली म्हणून, आणि ती बदलणार हे आधी कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. तेव्हा कुठल्याही साधनाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या पाळीचं काय होईल? जास्त जाईल, कमी जाईल, अधूनमधून डाग लागतील, की बंद होईल? यातलं काय आपल्याला चालण्यासारखं आहे हे एकदा मनाशी ठरलं की यादी आपोआप लहान होते.

तांबीपासून सुरू करते. तांब्याची तार गुंडाळलेला हा इंग्रजी टीच्या आकाराचा छोटा तुकडा गर्भपिशवीत बसतो. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात आणि बीजापर्यंत पोचत नाहीत. यात हार्मोन अजिबात नाही, त्यामुळे दुधावर परिणाम नाही. ३८०ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते, आणि ‘दहा वर्षांची आहे म्हणून दहा वर्षं ठेवायलाच हवी’ असं मुळीच नाही. तीन वर्षांनी काढा; काढल्यावर लगेचच्या पाळीचक्रात दिवस राहू शकतात. पाळीचं म्हणाल तर ती जास्त जाते आणि पोटात कळाही जास्त येतात, विशेषतः पहिले तीन ते सहा महिने. नंतर बहुतेकींचं बसतं. तुमची पाळी बाळंतपणाआधी बेताची असेल तर हे सहन होण्यासारखं आहे. पण आधीच भरपूर जात असेल किंवा रक्त कमी असेल, तर मी तुम्हाला साधी तांबी सुचवणार नाही.

‘सरकते’ या भीतीबद्दल नीट सांगायला हवं. गर्भपिशवी ही बंद पिशवी आहे. तिथून काही छातीपर्यंत किंवा घशापर्यंत चालत जात नाही. मात्र दोन गोष्टी खरोखर होतात. शंभरातल्या पाचेक जणींची तांबी पहिल्या वर्षात आपोआप खाली उतरून बाहेर पडते, आणि बहुतेक वेळा ते पाळीच्या दिवसांत होतं. दुसरं, बसवताना गर्भपिशवीच्या भिंतीला छिद्र पडून तांबी बाहेर पोटात जाऊ शकते. हे हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत घडतं, पण अंगावर पाजणाऱ्या बाईत गर्भपिशवी मऊ असल्याने ही शक्यता थोडी वाढते. म्हणून तुम्ही ती रोज तांबी बसवणाऱ्या हातांकडूनच बसवून घ्या, आणि पहिल्या पाळीनंतर, म्हणजे साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तांबीला असलेले दोरे जागेवर आहेत का हे दाखवून या. पाळी अजून आलीच नाही तरी सहाव्या आठवड्यात जाच. पाळी चालू असतानाच बसवावी लागते हेही खरं नाही. गर्भ नाही याची खात्री झाली की कधीही बसवता येते.

तांबीने जंतुसंसर्ग होतो असंही म्हणतात. बसवल्यानंतरचे पहिले तीनेक आठवडे धोका किंचित वाढतो, तोही बहुधा आधीपासूनच अंगात संसर्ग असेल तर. म्हणून घाण वास येणारं पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल तर आधी उपचार, मग तांबी.

हार्मोनवाली तांबी दिसायला तशीच, पण पाळीच्या बाबतीत अगदी उलटी. तिच्यातून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन अगदी थोडं थोडं गर्भपिशवीतच पाझरत राहतं, आतलं अस्तर पातळ होतं, गर्भपिशवीच्या मुखाजवळचा स्राव घट्ट होतो. पहिले काही महिने वेळीअवेळी डाग लागतात, त्यानंतर रक्तस्राव खूप कमी होतो, आणि वर्षभरात पाचातल्या एकीची पाळी थांबते. थांबलेलं रक्त आत कुठे साठत नाही, कारण अस्तरच तयार होत नाही. हे पुन्हा सांगते, कारण ‘घाण आत राहिली’ या धास्तीपोटी चांगली बसलेली तांबी काढायला लोक येतात. जास्त रक्तस्रावावर हीच तांबी औषध म्हणूनही देतात. पाळी न येणं मनाला पटत नसेल तर मात्र दुसरं निवडा. रोज मनात शंका ठेवून साधन वापरण्यात अर्थ नाही.

कांडी दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात, जागा बधिर करून, काही मिनिटांत. ६८ मिलिग्रॅमची इटोनोजेस्ट्रेल या हार्मोनची कांडी तीन वर्षं चालते, म्हणजे तुमच्या हिशेबाशी नेमकी जुळते. आज असलेल्या साधनांत अपयश सगळ्यात कमी हिचंच. गोम एकच: रक्तस्रावाचा नेम नाही. काहींची पाळी थांबते, काहींना महिनोन् महिने डाग लागत राहतात, आणि कुणाचं काय होईल हे बसवण्याआधी सांगता येत नाही. डाग लागण्याने शरीराला अपाय नाही, पण ज्यांना त्याचा मनस्ताप होतो त्यांना तो खरंच होतो.

इंजेक्शनबद्दल तुम्ही जे ऐकलंत त्यात थोडं तथ्य आहे. दर तीन महिन्यांनी डीएमपीए हे हार्मोनचं इंजेक्शन टोचतात. आधी अनियमित रक्तस्राव, मग वर्षभर घेतल्यावर बऱ्याच जणींची पाळी थांबते. कायमची नाही, इंजेक्शन बंद केल्यावर येते, पण सावकाश. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. यात वांझपण नाही, उशीर आहे. तुम्हाला तीन वर्षांनी मूल हवं असेल तर दोन वर्षांतच इंजेक्शन थांबवून उरलेला काळ निरोध वापरावा लागेल. हाडांची घनता थोडी कमी होते, ती थांबवल्यावर भरून येते. काही जणींचं वजन वाढतं. घरात साधन दिसू नये अशी ज्यांची अडचण असते त्यांना मात्र याचा फार आधार वाटतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

आता गोळ्या. ‘गोळ्यांनी पुढे दिवस राहत नाहीत’ हे साफ चुकीचं आहे. गोळी बंद केल्यावर बीज बहुतेकदा एक ते तीन महिन्यांत पुन्हा सुटू लागतं, आणि वर्षभरानंतर दिवस राहण्याचं प्रमाण इतर बायकांइतकंच असतं. उलट गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेल्या बायकांत बीजकोशाचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कमी आढळतो. पाळी नियमित, कमी आणि कमी दुखणारी होते. धोका आहे तो रक्ताच्या गुठळ्यांचा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला दोघींना अशी गुठळी होते, मिश्र गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन प्रकारचं हार्मोन, दोन्ही असलेली) घेणाऱ्यांत प्रकारानुसार पाच ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तो धोका याहूनही मोठा असतो, हे ध्यानात घेतलं की आकडा योग्य जागी बसतो.

पण काही जणींना ही मिश्र गोळी देऊच नये, आणि दुकानातून थेट घेताना हे कुणी विचारत नाही. वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान. रक्तदाब १४०/९० किंवा वर. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली. स्तनाचा कॅन्सर. यकृताचा गंभीर आजार. आणि एक लक्षण बायका सांगत नाहीत, कारण त्याचा गोळीशी संबंध असेल असं त्यांना वाटत नाही: डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमत्या वाकड्या रेषा येणं. अशा अर्धशिशीत मिश्र गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. क्षयासाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन चालू असेल तर गोळीचा परिणाम घटतो. नेहमीच्या सर्दी-खोकल्याच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही.

अंगावर पाजत असताना पहिले सहा आठवडे मिश्र गोळी नको, आणि सहा महिन्यांपर्यंत टाळलेली बरी. तुमचे सात महिने झालेत, म्हणजे घेता येईल. तरी बाळ अजून बरंच दूध पीत असेल तर मी फक्त प्रोजेस्टेरॉन प्रकारची गोळी देईन. ती रोज ठरल्या वेळीच घ्यायची असते. जुन्या प्रकारात तीन तास उशीर झाला तरी चुकली असं धरतात, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत बारा तासांची सवलत आहे. सेंटक्रोमान ही हार्मोन नसलेली गोळीही आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. हिने पाळी लांबते. पाजणाऱ्या आईला चालते, पण वार चुकला की सगळा हिशेब चुकतो.

मिश्र गोळी विसरलात तर काय, हे पाकीट हातात घेतानाच विचारून ठेवा. एक विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल, आणि पुढचं नेहमीसारखं. दोन किंवा जास्त विसरल्या तर शेवटची विसरलेली तेवढी घ्या, पाकीट चालू ठेवा आणि सलग सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं तर सात दिवसांची सुट्टी किंवा रिकाम्या गोळ्या वगळून सरळ नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात घडलं आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीची गरज लागू शकते.

ती तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितकी चांगली. ती बीज सुटणं पुढे ढकलते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. दर महिन्याला तिच्यावर भागवू नका. तिचं अपयश नेहमीच्या साधनांपेक्षा जास्त आहे. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा तातडीचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, आणि त्यातच पुढच्या वर्षांचीही सोय होऊन जाते.

निरोधाबद्दल थोडंच. लैंगिक संसर्गापासून वाचवणारं साधन हेच एक, दुसरं कुठलंही नाही. तेल, व्हॅसलीन, क्रीम लावलं तर लेटेक्स फाटतं. एकावर एक दोन घालू नका. दिवस मोजून राहण्याची पद्धत (पाळीच्या आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळणं) फक्त जिची पाळी २६ ते ३२ दिवसांनी नेमाने येते तिच्यासाठी आहे. तुमची पाळीच आलेली नाही, म्हणून आत्ता तिचा विचारही नको.

नसबंदीचा प्रश्न तुमच्यापुढे आज नाही, दुसऱ्या मुलानंतर येईल. तेव्हा तुमच्या यजमानांनी वाचावं म्हणून आत्ताच लिहिते. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी, जी चीनमध्ये ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केली, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, आणि तिचं अपयश बाईच्या ऑपरेशनपेक्षाही कमी आहे. ताकद जात नाही, इच्छा जात नाही, टेस्टोस्टेरॉन पूर्वीसारखंच रक्तात मिसळतं. वीर्यही येतं, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. एवढं सोपं असूनही नसबंदीचा भार जगभर बायकांवरच येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक अट मात्र पाळायलाच हवी: ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन, आणि मग वीर्यतपासणी. ती न करता मोकळं झालेल्या जोडप्यांत दिवस राहतात, आणि मग बाईवर संशय घेतला जातो. दोन्ही ऑपरेशनं कायमची समजूनच करावीत.

तुमच्यासाठी माझं मत असं. पाळी पूर्वी बेताची जात असेल आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल तर साधी तांबी. पाळी जास्त जात असेल तर हार्मोनवाली तांबी. आत काही बसवून घ्यायला मन घेत नसेल तर कांडी, मात्र डाग लागण्याची तयारी ठेवून. गोळी हवीच असेल तर डेसोजेस्ट्रेलची, आणि रोज आठवण करायची जबाबदारी यजमानांनी घ्यावी. इंजेक्शन मी शेवटी ठेवेन, तुम्हाला ठरावीक काळाने दुसरं मूल हवंय म्हणून. तुमचा कल वेगळा असेल आणि तब्येतीची आडकाठी नसेल तर तुमचाच कल मोठा.

डॉक्टरांकडे जाताना बाळाच्या जन्माची तारीख, बाळंतपण साधं की सिझेरियन, चालू असलेली औषधं, डोकेदुखी आणि पूर्वीच्या पाळीचं प्रमाण एवढं सांगा. रक्तदाब मोजून घ्या. तोपर्यंत ‘सांभाळणं’ बंद करून दरवेळी निरोध वापरा. साधन घेतल्यावर एका पायाला सूज येऊन पोटरी दुखली, छातीत दुखून दम लागला, बोलताना जीभ अडखळली, किंवा तांबी असताना पाळी चुकून पोटात एका बाजूला दुखू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा. तांबी असताना गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर तो गर्भपिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता मोठी असते.

दुसऱ्या मुलाचं ठरलं की साधन काढायच्या निदान महिनाभर आधी फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा, आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने चालू ठेवा.